आईकडे असते

"आवळून आवळून बसवतात मेली झाकणं. जसं काही आत सोनंच ठेवलंय," आई साखरेच्या बरणीला सांगत होती. आईची तक्रार कधी माणसाकडे जात नसे. नळ, झाकण, चपलेचा पट्टा, फार तर खिडकीचा पडदा, यांच्यापुढे ती आपलं गाऱ्हाणं मांडायची आणि कुणी वर पाहिलं की तोंड मिटून घ्यायची. माणसाला बोललं की वाढतं, बरणीला बोललं की बरणीतच राहतं, असं तिचं शास्त्र होतं. झाकण आवळणारी टेबलाच्या दुसऱ्या टोकालाच बसली होती. ती तिची लेक, तिसरं अपत्य. चार भावंडांत मधे पडली म्हणून सगळे तिला मधली म्हणत, आणि पन्नाशी उलटली तरी ती मधलीच राहिली होती. कामावर निघण्याआधी चहा संपेतोवर लॅपटॉप उघडून भावंडांच्या खोलीत डोकावायचं, हा तिचा रोजचा नेम. तिनं बरणी आईच्या हातातून घेतली, उघडून पुढे सरकवली, पण नजर काही पडद्यावरून काढली नाही. पडद्यावर तिच्याविषयी एक ओळ होती, आणि ती तिनं लिहिलेली नव्हती.

ही खोली भिंतींची नव्हे. थोरला भाऊ पूल बांधणारा माणूस, आणि फोनवरच्या चित्राबित्रांच्या गप्पांवर त्याचा राग. माणसांनी बोलावं, नुसते अंगठे कसले दाखवता, असं म्हणून त्यानं स्वतः खपून चौघांपुरती एक गप्पांची खोली तयार केली होती. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. या खोलीत सगळं हुकमावर चाले. आधी एक तिरकी रेघ मारायची, मग हुकूम. रेघ मारून "दूर" लिहिलं की नावापुढे "दूर आहे" असं येई आणि हवं तर कारणही देता येई. परत आलात की "आलो". "कोण" लिहून एखाद्याचं नाव दिलं की त्यानं स्वतःविषयी लिहिलेली ओळ दिसे, आणि ती ओळ लिहायची तर "ओळख". कुणाचं बोलणं नकोसं झालं तर "गप्प" आणि त्याचं नाव. मग तो बोलत राही, फक्त आपल्याला दिसत नसे, आणि त्याला पत्ता लागत नसे. मात्र रेघ विसरलात तर हुकूम हुकूम राहत नसे, ते बोलणं होऊन सगळ्यांसमोर पडे. धाकट्यानं एकदा घाईत रेघ न मारता "गप्प ताई" लिहिलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिकेला भर खोलीत असं म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. ताईनं महिनाभर खोलीत पाऊल टाकलं नाही, आणि धाकटा सगळ्यांना सांगत सुटला की ती विनंती होती. मधलीचं भांडण वेगळंच होतं. खोली "आलो" ओळखायची, "आले" ओळखायची नाही. "आले" लिहिलं की उत्तर यायचं, असा हुकूम नाही. तिनं दादाला कितीदा सांगितलं, अरे, या घरातल्या बायका येतात ती काय पुरुष होऊन येतात का? बघतो, म्हणायचा. पूल उभे राहिले, "आले" काही झालं नाही. मधली रोज मुकाट्यानं "आलो" लिहून घरात शिरायची.

तर आज ती अशीच शिरली, आणि खोलीनं तिला तिचीच ओळख दाखवली. मधली: आईकडे असते.

एवढंच. बाकीच्यांच्या ओळी तिला पाठ होत्या. थोरला: पूल बांधतो, बोलणं मोजकं. ताई: शिकवलं, आता बाग आणि गुडघे. धाकटा: प्रवासात. आणि मधलीपुढे इतकी वर्षं कोरी जागा, कारण ओळख लिहायला बसलं की तिला वाटायचं, आपल्याच माणसांना आपली काय ओळख सांगायची. त्या कोऱ्या जागेत कुणीतरी हे लिहून टाकलं होतं. हे घर तिचं. श्रवणयंत्रांच्या दुकानासाठी कानाचे साचे घासून घासून तिनं ते उभं केलं, एकटीनं, नवरा सोडून गेल्यावर. आई या घरात आली ती डोळ्याच्या ऑपरेशनपुरती, आठवडाभर, म्हणून. दादाच सोडायला आला होता. एका हातात आईची बॅग, आणि दुसऱ्या काखेत शालीत गुंडाळलेला टेबलावरचा दिवा. तो दिवा पाहिला तेव्हाच मधलीला कळायला हवं होतं. आठवड्यासाठी आलेलं माणूस दिवा घेऊन येत नाही. पण तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. दादा म्हणाला, तिला वाचायला ह्याचाच उजेड लागतो. ताई फोनवर म्हणाली, तुझ्याकडे असली म्हणजे मला कसं निवांत वाटतं. धाकटा म्हणाला, मधलीताई, तुला किती छान कंपनी झाली. आणि मधलीनं आपल्या कामाची खोली रिकामी केली, घासायचं यंत्र बाल्कनीत नेलं, त्याच्यावर प्लास्टिक झाकलं. त्या दिव्याखाली आई आता नऊ वर्षं वाचत होती. आणि कुणाकडे कोण असते म्हणे? तिला वाटलं उठावं आणि घराच्या दारावरची आपल्या नावाची पाटी उपटून लॅपटॉपपुढे धरावी.

आणि हे आजच कसं उगवलं, हेही तिला समजत होतं. काल संध्याकाळी तिनं खोलीत एक प्रश्न टाकला होता. दुकानाच्या मालकानं दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्यात तिला तीन महिने शिकायला पाठवायचं ठरवलं होतं. आता कानात लगदा भरून ठसा घेणं मागे पडत चाललंय. एक छोटा दिवा कानात फिरवतात, पडद्यावर कानाचं चित्र उभं राहतं आणि यंत्रातून साचा बाहेर पडतो. ते यंत्र दुकानात येणार होतं. शिकून ये, नाहीतर मला शिकलेलं दुसरं माणूस घ्यावं लागेल, असं मालक म्हणाला, आणि म्हणताना त्याला वाईट वाटत होतं हे तिला दिसलं, म्हणून तर ते खरं होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. तिनं लिहिलं होतं: तीन महिने आईला कोण नेईल? सकाळी पाहिलं तर खोलीत एकही उत्तर नव्हतं. तिघंही दूर. थोरला: साइटवर आहे. ताई: डोकं दुखतंय. धाकटा: विमानात. धाकटा तर गेल्या आठवड्यापासून विमानातच होता. एव्हाना त्याच्या दोन-चार पृथ्वीप्रदक्षिणा व्हायला हव्या होत्या. आणि उत्तराच्या जागी ही ओळ. आईकडे असते. म्हणजे जिचं राहणंच आईकडे, ती आईला कुठे पाठवायचं विचारते म्हणजे काय!

"मी निघते गं," ती आईकडे वळून हातवारे करत मोठ्यानं म्हणाली. आईनं मान हलवली. आईचे कान गेली पाच-सहा वर्षं अधू झाले होते, आणि साचे करणारीच्या आईचे कान अधू व्हावेत यावरून दुकानात पुष्कळ विनोद होऊन गेले होते. आधीचा साचा सैल झाला होता. यंत्र कानाला लावलं की किटलीसारखी शिट्टी वाजायची. शिट्टी वाजली की घराला कळायचं, आईचे कान उघडले, आता जपून बोला. गेल्याच महिन्यात मधलीनं स्वतः नवा साचा केला होता. दुकानातल्या कुठल्याही गिऱ्हाईकासाठी केला नसेल इतका निगुतीनं, नखानं चाचपत, पुन्हापुन्हा पॉलिश करत. तेव्हापासून शिट्टी ऐकू आली नव्हती आणि यंत्राची डबी आईच्या उशाशी कायम मिटलेली दिसे. घालत नाही म्हातारी, घालायचंच नाही तिला, असं मधलीनं मनाशी धरलं होतं. एवढे कष्ट घेतले तेही पाण्यात. त्याचाही एक छोटासा राग तिच्या रागांच्या गठ्ठ्यात होता.

रस्त्यानं जाताना ती मनातल्या मनात हुकूम देत चालली. रेघ, दादा, गप्प. रेघ, ताई, गप्प. बसच्या काचेत तिला आपलं तोंड हलताना दिसलं. लिहिताना, वाचताना, मनाशी बोलताना तिचे ओठ हलायचे. लहानपणी शाळेत बाईंनी त्यावरून अंगठे धरून उभं केलं होतं आणि ताईनं, जी तेव्हाच मुख्याध्यापिका होती म्हणा, घरी येऊन ते सगळ्यांना सांगितलं होतं. सवय गेली नाही. आजही ती टाइप करताना प्रत्येक शब्द पुटपुटायची, आणि रागात असली की पुटपुटणं राहायचं नाही, चांगलं मोठ्यानं व्हायचं. एकटं राहणाऱ्या बाईला कोण ऐकतंय! पण आपण एकटं राहत नाही, हे तिच्या लक्षात आलं, आणि मग हेही लक्षात आलं की ज्या दिवशी आपण एकटं राहत नाही हे आठवत नाही, तो दिवस बरा जातो. हा विचार तिला आवडला नाही. तिनं तो बाजूला सारला आणि पुन्हा दादावर चिडायला घेतलं. ते सोपं होतं.

दुकानात पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. मुलगा आल्या आल्या म्हणाला, "त्यांना काही विचारू नका, मला विचारा. त्यांना ऐकू येत नाही." म्हातारे खुर्चीत ताठ बसले होते, कोट घालून, परीक्षेला बसल्यासारखे. मधलीनं त्यांच्या कानात दोरा बांधलेला स्पंजाचा बोळा सरकवला, दोन रंगांची पेस्ट बोटांनी मळून एक केली आणि पिचकारीनं कानात भरली. आता घट्ट व्हायला थोडा वेळ थांबायचं. दुसऱ्या कानातही तेच. या वेळेत माणूस अगदी स्वतःशी उरतो. काही जण डोळे मिटतात, काही जण हसतात. म्हातारे तिच्याकडे बघत राहिले. मुलगा फोनवर बोलायला लागला, तिथेच, बापाच्या खांद्यावर हात ठेवून. "अगं, नाही म्हटलं त्यांनी. तिथे जागा नाही. मग कुठे ठेवायचं सांग ना तूच. किती दिवस काढायचे असे?" म्हाताऱ्यांच्या पापण्या हलल्या नाहीत. पण मधलीच्या बोटांखाली त्यांचा जबडा आवळला गेला आणि ठसा बिघडला. जबडा हलला की कानाची वाट बदलते. तिला पुन्हा घ्यावा लागला. तिनं मुलाला सांगितलं, बाहेर जाऊन बोला. इतकं तोडून सांगितलं की मालकानं आतून डोकावून पाहिलं. मुलगा गोंधळून म्हणाला, "पण त्यांना कुठे ऐकू येतंय?" आणि मधलीच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाला डोळे असतात, म्हणाली ती, कातडी असते, खांद्यावरच्या हातातून कळतं माणसाला. दिवसभर तिला तो मुलगा आठवत राहिला. काय हिंमत माणसाची! तोंडावर बोलायची नाही, आणि पाठीमागेही नाही. अगदी समोर, फक्त कान बंद असताना.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई खिडकीशी आपल्या खुर्चीत धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालत होती. आईचे केस अजून दाट होते, पांढरेशुभ्र, कानांवरून उतरलेले. मधलीनं तिच्यापुढे सुपाचा वाडगा ठेवला आणि स्वतः काही न खाता टेबलाशी बसली, आईकडे पाठ करून. रेघ मारली. "ओळख," ती पुटपुटली, "स्वतःच्या घरात राहते." आणि बटण दाबलं. खोलीनं थंडपणे उत्तर दिलं: ही ओळख खोलीच्या मालकानं लावली आहे, बदलता येणार नाही. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. चौथ्या वेळेला तिनं बटण असं दाबलं की टेबल हादरलं. आपल्याविषयीची ओळ आपल्याला पुसता येऊ नये! मग मालक कोण ते ठाऊक असूनही तिनं रेघ न मारता, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "माझी ओळख कुणी लिहिली?" आणि काय आश्चर्य, थोरला साइटवरून लगेच परतला.

मीच लिहिली, त्याचं उत्तर आलं. खोलीची साफसफाई काढली होती, तुझी जागा रिकामी होती, बरं दिसत नव्हतं. मला विचारलंस का, तिनं विचारलं. यात विचारायचं काय, आईकडेच असतेस ना तू? मधली प्रत्येक शब्द मोठ्यानं म्हणत टाइप करू लागली. हे घर कुणाचं आहे दादा? आई कुणाकडे राहते? ताईचं डोकं दुखायचं थांबलं आणि तीही आली. राईचा पर्वत करायची तुझी लहानपणापासूनची खोड, म्हणाली, एक ओळ ती काय. मग मोठी गोष्ट बोलू या, मधलीनं लिहिलं, काल मी विचारलं, तीन महिने आईला कोण नेतं. तिघंही दूर गेलात. आता आलाच आहात तर सांगा.

मग उत्तरं येऊ लागली. थोरल्यानं लिहिलं, आईला आमच्याकडची हवा सोसायची नाही, खोकला धरेल. ताईनं लिहिलं, आईला आमचे जिने चढवतील का, विचार कर. तेवढ्यात धाकट्याचं विमान उतरलं आणि त्यानं लिहिलं, मी फक्त आईच्या बाजूनं बोलतोय, तिला सवयीची जागा सोडायला लावणं मला तरी क्रूर वाटतं. आईला, आईला, आईला. तिघांचीही वाक्यं आईपासून सुरू होत होती आणि आपापल्या दाराच्या आतल्या कडीपाशी संपत होती. मधलीला वाटलं, हीच ती आई, जिनं धाकट्याच्या गोवरात उभ्यानं रात्री काढल्या, जिनं दादाच्या शिक्षणासाठी शिवणयंत्र विकलं आणि वर्षभर त्याचं झाकण तसंच ठेवलं, लोकांना वाटावं आत यंत्र आहे. त्या झाकणासारखं आता तिचं नाव वापरत होते, आत काही नाही हे दिसू नये म्हणून. तिला ओरडावंसं वाटलं. बोला ना सरळ! पण तिनं लिहायला घेतलं तेव्हा बोटं भलत्याच वाटेनं गेली. "प्रश्न आईचा नाहीच," ती मोठ्यानं म्हणत होती, "माझ्या कामाचा आहे. आईचा मला काही त्रास नाही. उलट बरं वाटतं ती असली की. नऊ वर्षांत मी एकदाही कंटाळले नाही. फक्त काम आहे म्हणून..."

"खोटं," मागून आई म्हणाली.

मधलीची बोटं जागच्या जागी थांबली. आवाज बरणीशी बोलतानाचा नव्हता. ती वळली. आईनं शेवटचा रुमाल मांडीवर ठेवला होता, सुपाचा वाडगा रिकामा होता, आणि एका हातानं तिनं कानावरचे केस मागे सारले होते. कानात साचा होता. इतका नेमका बसलेला की मधलीच्या सरावलेल्या डोळ्यांनाही क्षणभर तो कानाचाच भाग वाटला. शिट्टी नाही, काही नाही. ती उठून आईच्या उशाशी गेली असती आणि डबी उघडून पाहिली असती तर इतके दिवस ती रिकामीच दिसली असती. तिनं कधी उघडली नव्हती. या महिन्याभरात खोलीशी बोलताना काय काय म्हटलं आपण? दोन रविवारी ताईशी काय म्हटलं? परवा आईला अंघोळ घालून आल्यावर, टॉवेल फेकून, धाकट्याला लिहिताना काय म्हटलं? एकेक वाक्य तिच्या पाठीवरून खाली उतरू लागलं.

"चांगला केलास साचा," आई म्हणाली. "वाजतच नाही. जुना होता तेव्हा तुम्ही सगळे किती गोड बोलायचात."

"आई, तसं नाही गं, मी..."

"बस. माझं होऊ दे. बरण्यांना सांगून थकले मी." आईनं खुर्ची पुढे ओढली, पाय फरशीवर घासत, आणि टेबलाशी येऊन पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ताई विचारत होती, कुठे गेलीस. "हे दिसतंय सगळ्यांना? मग ते पूस, खोटं लिहिलेलं. मी सांगते ते लिही. रेघ नको मारूस, सगळ्यांना दिसू दे."

मधलीनं लिहिलेलं पुसलं. तिचे ओठ मिटलेले होते; आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक.

"लिही," आई म्हणाली. "म्हातारी कुणालाच नको आहे. थोरल्याला नको, मोठीला नको, धाकट्याला तर कधीच नको होती. हिलासुद्धा नको झाली आहे, फक्त ही एकटीच आहे जी रोज झाकण उघडून देते. हिला माझा कंटाळा आलाय आणि मलाही हिचा आलाय. तीन महिने आम्हांला एकमेकींपासून सुटी हवी आहे. हवेचं आणि जिन्यांचं मला सांगू नका, ऐकू येतं आता. दिवा मी बरोबर आणीन. कोण नेतंय तेवढं लिहा."